भिंतीच्या डोक्यावरचं ओझं: अमेरिकेतल्या पहिल्या गगनचुंबी इमारती कशा उभ्या राहिल्या

घर बांधायला काढलं की गवंडी सुरुवातीलाच विचारतो, "लोड-बेअरिंग करायचं की कॉलम उभे करायचे?" घराचा भार भिंतींवर टाकायचा की खांबांवर, एवढाच त्याचा अर्थ. एकमजली घर असेल तर भिंती पुरतात. पुढे वर मजले चढवायचे असतील तर कॉलम घ्या, असं आता शेजारीपाजारीही सांगतात. पण हे दोन्ही पर्याय एकाच इमारतीत, एकमेकांना चिकटून उभे असलेले बघायचे असतील, तर शिकागोच्या डिअरबॉर्न स्ट्रीटवर जावं लागेल.

तिथे मोनॅडनॉक नावाची इमारत आहे. तिचा उत्तरेकडचा सोळा मजली भाग १८९१ मध्ये पुरा झाला आणि त्याला लागून दक्षिणेचा भाग १८९३ मध्ये. उत्तर भागाच्या बाहेरच्या भिंती विटांच्या आहेत आणि तळाशी त्या सहा फूट जाड आहेत, कारण इमारतीचं ओझं त्यांनी पेललं आहे. दक्षिण भागाचं ओझं पोलादाच्या सांगाड्यावर आहे आणि वीट त्याच्यावर नुसती अंगरख्यासारखी चढवलेली आहे. मालक तेच, रस्ता तोच, मध्ये दोन वर्षं. तेवढ्यात बांधकामाची एक हजारो वर्षांची रीत मागे पडली.

गगनचुंबी इमारतींचा इतिहास बहुतेक वेळा उंचीचा इतिहास म्हणून सांगतात. अमुक इतके फूट, मग तमुक त्याहून उंच. मला तो भिंतीचा इतिहास वाटतो. भिंतीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि मग उंची आपोआप आली. हे ओझं कुणा एकाने एका दिवसात उतरवलेलं नाही. त्यात लिफ्ट होती, आग होती, चिखल होता आणि भाड्याचा हिशेबही होता.

भिंत जाड का होते?

विटांची रास रचत गेलात तर सगळ्यात खालच्या विटेवर वरच्या सगळ्या विटांचं वजन येतं. त्यात प्रत्येक मजल्याची जमीन, सामान आणि माणसंही भिंतीतच टेकलेली. म्हणून इमारत जितकी उंच, तितकी तळाची भिंत रुंद. त्या काळचा ढोबळ हिशेब असा होता: एका मजल्याला बारा इंचांची भिंत आणि वर चढणाऱ्या प्रत्येक मजल्यामागे तळाला आणखी चार इंच. सोळा मजल्यांसाठी बारा अधिक साठ, म्हणजे बहात्तर इंच. मोनॅडनॉकची सहा फुटांची भिंत ती हीच.

आता हा हिशेब मालकाच्या जागी बसून करून बघा. शहराच्या मध्यभागी जमीन सोन्याच्या भावाने घेतलेली. तळमजल्याला दुकानं आणि बँका येणार, भाडं सगळ्यात जास्त तिथलंच. आणि नेमकी तिथलीच जागा भिंत खाऊन टाकते. खिडकी म्हणजे सहा फूट खोल बोगदा होतो, उजेड आत पोचत नाही. तेव्हाचे विजेचे दिवे मिणमिणते आणि महाग होते, त्यामुळे कचेरीतलं टेबल खिडकीपासून फार लांब ठेवून चालत नसे. काळोखी खोली कुणी भाड्याने घेत नाही. म्हणून मोठ्या इमारतींच्या पोटात, आपल्या वाड्याला चौक असतो तशी, उजेडासाठी मोकळी जागा सोडावी लागे. शिकागोतल्या १८८८ च्या रूकरी इमारतीचा काचेच्या छपराचा चौक आजही बघण्यासारखा आहे.

वरचा मजला महाग झाला

पण माणसं वर चढायलाच तयार नसतील, तर भिंतीची चिंता कोण करणार? लिफ्ट येण्याआधी चार-पाच मजल्यांच्या वर इमारती क्वचितच जात. वरच्या मजल्याचं भाडं सगळ्यात कमी असे, कारण तिथे पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडत.

सामान वर ओढायचे पाळणे जुनेच होते. माणूस त्यात बसायला घाबरायचा, कारण दोर तुटला की संपलं. न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात १८५४ मध्ये एलिशा ओटिस स्वतः अशा एका पाळण्यावर उभा राहिला, उंचावर गेला आणि लोकांच्या देखत त्याने दोर कापायला लावला. पाळणा जरासा घसरला आणि जागच्या जागी अडकला. युक्ती साधी होती. पाळण्याच्या माथ्यावर ट्रकच्या चाकांवर असते तशी पाट्यांची स्प्रिंग बसवलेली, आणि दोर त्या स्प्रिंगला बांधलेला. दोराला ताण असेपर्यंत स्प्रिंग वाकलेली राहते. दोर तुटला की ती सरळ होते आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुततात. पाळणा पडू लागला की त्या पडण्यानेच तो थांबतो! मला ही युक्ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

१८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या हॉवाउट यांच्या काचसामानाच्या पाच मजली दुकानात गिऱ्हाइकांसाठी ओटिसची लिफ्ट लागली. १८७० मध्ये त्याच शहरात इक्विटेबल या विमा कंपनीने कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट बसवली आणि भाड्याचं गणित उलटं झालं. वरच्या मजल्यावर उजेड जास्त, वारा जास्त, घोड्यांची लीद आणि रस्त्यावरचा गोंगाट खाली राहिलेला. जो मजला कुणाला नको होता, त्याच्यासाठी लोक जास्त पैसे मोजायला लागले. म्हणजे आता उंच बांधण्यात फायदा होता. अडत होतं ते भिंतीपाशी.

शिकागोच का?

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोत आग लागली आणि दोन दिवस जळत राहिली. सुमारे ३०० माणसं गेली, १७ हजारांहून जास्त इमारती राख झाल्या, जवळपास एक लाख लोक उघड्यावर आले. शहराचा मध्यभाग सपाट झाला. मात्र 'आग लागली आणि लगेच गगनचुंबी इमारती उगवल्या' हे खरं नाही. पहिली पुनर्बांधणी जुन्याच पद्धतीने, घाईघाईने झाली. १८७३ च्या मंदीने ती रखडली. उंच बांधण्याची लाट आली ती १८८० नंतर. तोवर रेल्वेमुळे शिकागो धान्य, मांस आणि लाकडाच्या व्यापाराचं केंद्र झालं होतं. मध्यभाग उत्तरेला आणि पश्चिमेला नदीने, पूर्वेला सरोवराने, दक्षिणेला रेल्वेच्या यार्डांनी आवळलेला. पसरायला जागा नाही आणि कचेऱ्या तर रोज हव्यात. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आगीने एक धडा मात्र दिला. लाकडाची घरं जळणारच, पण लोखंडी खांबांच्या इमारतीही कोसळल्या होत्या. लोखंड पेटत नाही, पण तापलं की मऊ पडतं. साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची जवळपास निम्मी ताकद जाते, आणि बिडाच्या तापलेल्या खांबावर थंड पाणी पडलं तर त्याला तडे जातात. उपाय निघाला मातीतून. भाजलेल्या मातीच्या पोकळ विटा, म्हणजे टेराकोटा, खांबांभोवती आणि तुळयांभोवती बसवायच्या. वजनाला हलक्या, पोकळीत हवा, उष्णता सहजासहजी आत जात नाही. या मातीच्या आवरणाचं श्रेय फारसं कुणी देत नाही. ते नसतं तर लोखंडी सांगाड्याची इमारत पुढच्या आगीत पुन्हा कोसळली असती.

पायाखालचा चिखल

काळ्या मातीत घर बांधणाऱ्यांना शिकागोची अडचण चटकन कळेल. तिथे वरच्या थराखाली ओली, मऊ चिकणमाती आहे आणि खडक शंभर फुटांहून खोल. त्या मातीवर जड इमारत ठेवली की ती बसते, म्हणजे हळूहळू खचते. इमारत बुटांनी चिखलात उभी राहावी तशी न राहता फळीवर उभी राहावी, म्हणजे भार पसरवावा, हा उपाय. त्यासाठी दगडांचे पिरॅमिड रचत. पण ते इतके रुंद होत की सगळं तळघर त्यांनीच भरून जाई, आणि बॉयलर व यंत्रं ठेवायला जागा उरत नसे.

१८८२-८३ मध्ये बांधलेल्या दहा मजली मोंटॉक ब्लॉकच्या पायात जॉन रूट या वास्तुरचनाकाराने वेगळीच गोष्ट केली. रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचले आणि ते काँक्रीटमध्ये गाडून टाकले. रूळ वाकायला विरोध करतात, त्यामुळे कमी जाडीच्या थरातही भार दूरवर पसरतो. रेल्वेने शहर मोठं केलं होतं, आता तिचेच रूळ इमारतीखाली गेले.

तरीही खचणं थांबलं नाही. बांधतानाच हिशेब धरत की इतके इंच बसेल, म्हणून तितके इंच वर बांधा. मोनॅडनॉक आठ इंच बसेल असं धरलं होतं. १९४० च्या दशकापर्यंत ती वीस इंच बसली, आणि रस्त्यावरून तळमजल्यात जाताना पायरी उतरावी लागू लागली. जाड भिंतीची खरी शिक्षा ही होती: जागा खाते, उजेड अडवते आणि वर इमारतीला जमिनीत दाबते. मातीचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटू लागला तो शिकागो स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीपासून, १८९३-९४ च्या सुमाराला. तिच्या एका बाजूला शेजारी वर्तमानपत्राचे छापखाने होते आणि जमीन हलली तर यंत्रं बिघडणार होती. म्हणून त्या बाजूला हातांनी विहिरी खणल्या, खालच्या कठीण थरापर्यंत नेल्या आणि काँक्रीटने भरल्या. ही रीत मग शहरभर पसरली.

पहिली कोण?

आता त्या प्रश्नाकडे येऊ जो प्रश्नमंजूषेत हमखास विचारतात: जगातली पहिली गगनचुंबी इमारत कोणती? छापील उत्तर आहे शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, १८८५, वास्तुरचनाकार विल्यम ले बॅरन जेनी. दहा मजले, उंची १३८ फूट. जेनी पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकलेला आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात सैन्याचा अभियंता होता. विमा कंपनीला हव्या होत्या भरपूर उजेडाच्या कचेऱ्या. उजेड हवा तर खिडक्या मोठ्या, खिडक्या मोठ्या तर मधले विटांचे खांब बारीक, आणि बारीक खांब ओझं पेलणार नाहीत. म्हणून जेनीने त्या विटांच्या पोटात लोखंडी खांब घातले, आणि बाहेरची भिंत मजल्यामजल्याला लोखंडी तुळयांवर टेकवली. वरच्या मजल्यांच्या काही तुळया पोलादाच्या होत्या. पोलाद स्वस्तात आणि भरपूर बनवण्याची हेन्री बेसेमरची पद्धत १८५६ पासून माहीत होती. आधी तिच्यातून रूळ निघाले, मग तुळया.

जुने वाडे बघितलेल्यांना यात नवल वाटणार नाही. सागवानी खांब, त्यांवर तुळया, मधल्या जागेत वीट नाहीतर माती. भार लाकूड घेतं. गणपतीचा मंडपही तसाच, बांबू उभे असतात आणि कापड नुसतं बाहेरचं जग अडवतं. लोखंडाचे खांब-तुळयाही नव्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये श्रूझबरीच्या डिदरिंग्टन इथल्या लिननच्या धाग्याच्या गिरणीत त्या १७९७ मध्येच लावल्या होत्या. मुंबईत काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी भाग जहाजाने आणून उभं केलं. म्हणजे शिकागोच्या पंधरा-सोळा वर्षं आधी लोखंडी सांगाड्याची बहुमजली इमारत मुंबईत होती.

आणि होम इन्शुरन्सची इमारत पुरती सांगाड्यावर नव्हतीच. खालच्या मजल्यांचे ग्रॅनाइटचे खांब आणि मागच्या बाजूच्या विटांच्या भिंती बरंच ओझं घेत होत्या. १९३१ मध्ये ती पाडली, तेव्हा तिचा सांगाडा तपासणाऱ्या समितीने मान तिलाच दिला, पण नंतरच्या अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. काही जण लिफ्ट हा निकष धरून न्यूयॉर्कच्या १८७० च्या इक्विटेबलला पहिली म्हणतात. मला विचाराल तर हा वादच व्यर्थ आहे. लिफ्ट, अग्निरोधक माती, पसरलेला पाया, पोलाद आणि वाऱ्याचा बंदोबस्त या सगळ्यांची गाठ पंधरा-वीस वर्षांत हळूहळू बसली. त्यातली एक इमारत उचलून तिच्या गळ्यात हार घातला की बाकीच्यांचं काम दिसेनासं होतं.

वारा

जाड भिंतीचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे. ती वाऱ्याला दाद देत नाही. हलका, उंच सांगाडा वाऱ्याने तिरपा होऊ पाहतो. चार पट्ट्यांची चौकट खिळे मारून बनवा आणि कोपऱ्याला ढकला, ती कलते. म्हणूनच शेताच्या लाकडी फाटकाला एक तिरपी पट्टी मारलेली असते. उंच इमारतींतही तेच केलं. मजल्यामजल्यांतून तिरपे गज घातले, किंवा खांब आणि तुळई यांचा सांधा लाल तापवलेल्या रिव्हेटांनी इतका घट्ट केला की कोपरा हलूच नये.

न्यूयॉर्कचा वास्तुरचनाकार ब्रॅडफर्ड गिल्बर्ट याची गोष्ट इथे सांगायला हवी. ब्रॉडवेवर त्याच्या हाती आलेला प्लॉट फक्त साडेएकवीस फूट रुंद. नियमाप्रमाणे जाड भिंती घातल्या असत्या तर निम्मी रुंदी त्यातच गेली असती. त्याने लोखंडी सांगाडा उभा करायचं ठरवलं, आणि अकरा मजल्यांची ही सुरी वाऱ्याने आडवी होणार असं लोक बोलू लागले. बांधकाम चालू असताना एका रविवारी वादळ आलं. गिल्बर्टने पुढे सांगितलेल्या हकीकतीनुसार, तो ओळंबा घेऊन स्वतः वर चढला, दोरी खाली सोडली आणि इमारत हलत नसल्याची खात्री करून घेतली. १८८९ मध्ये टॉवर बिल्डिंग पुरी झाली आणि त्याने आपली कचेरी तिच्याच वरच्या मजल्यावर थाटली.

भिंतीची खिडकी झाली

मोनॅडनॉकचा मालक, बॉस्टनचा पीटर ब्रुक्स, नक्षीच्या विरुद्ध होता. बाहेर आलेल्या प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ साचते, हे त्याचं म्हणणं. उत्तर भागाचा रचनाकार जॉन रूट याने त्या काटकसरीतून एक अपूर्व आकार काढला: तळाशी हलका आत वळणारा आणि माथ्यावर बाहेर झुकणारा विटांचा अखंड उतार. १८९१ च्या जानेवारीत न्यूमोनियाने तो गेला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. पोलादी सांगाडा सर्वत्र पसरला, तो काळ त्याला फार थोडा बघायला मिळाला.

त्याच्याच कार्यालयात सुरू झालेली रिलायन्स बिल्डिंग १८९५ मध्ये चार्ल्स ॲटवुडने पुरी केली. तिची सुरुवात विलक्षण आहे. जागेवर जुनी इमारत होती आणि वरच्या मजल्यांवरच्या भाडेकरूंचे करार संपले नव्हते. म्हणून ते मजले जॅकवर उचलून धरले आणि त्यांच्याखाली नवा पाया व तळमजला बांधून काढला. करार संपल्यावर वर सांगाडा चढला. त्यावर पांढरा चकाकीचा टेराकोटा आणि बाकी सगळी काच. मधोमध मोठं बंद तावदान, दोन्ही बाजूंना वाऱ्यासाठी उघडणाऱ्या अरुंद खिडक्या. मोनॅडनॉकच्या उत्तर भागानंतर फक्त चार वर्षांनी भिंत इतकी विरळ झाली होती.

मग या नव्या वस्तूचं रूप काय असावं? बरेच जण दर दोन-चार मजल्यांना एखाद्या जुन्या राजवाड्याची पट्टी लावत आणि उंच इमारत एकावर एक ठेवलेल्या डब्यांसारखी दिसे. वास्तुरचनाकार लुई सलिव्हनने सेंट लुईसच्या वेनराइट बिल्डिंगमध्ये, १८९१ मध्ये, उंचीलाच विषय केलं. खाली दुकानांचा भक्कम पाया, मध्ये एकसारख्या कचेऱ्यांच्या मजल्यांमधून सरळ वर धावणारे खांब, आणि माथ्यावर पानाफुलांच्या नक्षीची रुंद पट्टी. १८९६ च्या एका लेखात त्याने म्हटलं की आकार नेहमी कामामागून येतो. या वाक्याच्या आधाराने पुढे अनेकांनी नक्षीच काढून टाकली. सलिव्हन स्वतः मात्र नक्षीचा भोक्ता होता, आणि त्याची नक्षी बघितली की तेच बरं वाटतं.

उंची न्यूयॉर्कला गेली

१८९३ मध्ये शिकागोने इमारतींच्या उंचीवर १३० फुटांची मर्यादा घातली. न्यूयॉर्कमध्ये अशी मर्यादा नव्हती, आणि तिथे उंच इमारत ही कंपनीची जाहिरात ठरली. शिंप्याच्या दुकानातल्या शिलाई मशीनमुळे आपल्या ओळखीची असलेली सिंगर कंपनी १९०८ मध्ये ६१२ फुटांवर पोचली. पुढच्या वर्षी मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा ७०० फुटांचा मनोरा झाला. १९१३ मध्ये स्वस्त वस्तूंच्या दुकानांचा मालक फ्रँक वुलवर्थ याने ७९२ फुटांची इमारत रोख पैसे मोजून बांधली.

या मनोऱ्यांना निदान वरती अंग चोरायची बुद्धी होती. १९१५ मध्ये जुन्या इक्विटेबलच्या जागी नवी इक्विटेबल उभी राहिली: जेमतेम एक एकराच्या प्लॉटवर ३८ मजले, सगळे सरळसोट रस्त्याच्या कडेपासून, एकूण जागा सुमारे १२ लाख चौरस फूट. शेजारच्या इमारती भर दुपारी तिच्या सावलीत गेल्या आणि त्यांची भाडी घसरली. आत उजेड यावा म्हणून भिंत बारीक करत आलेल्या बांधकामाने आता बाहेर रस्त्यालाच भिंत घातली होती.

१९१६ मध्ये न्यूयॉर्कने नियम केला. ठरावीक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून पायरीपायरीने मागे सरायचं, म्हणजे खाली ऊन पोचेल. आणि प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मनोरा हवा तितका उंच न्यायचा. १९३० ची क्रायस्लर आणि १९३१ ची एम्पायर स्टेट खाली पायऱ्यापायऱ्यांच्या आणि वर सुईसारख्या दिसतात, त्या या नियमामुळे.